घरीच शिकवताय? हस्ताक्षराचा कोर्स विकत घेण्याआधी त्यातला ‘ल’ आणि ‘श’ बघा

अक्षर कसं असावं? तर मोत्यासारखं. आता परभणीत मोती म्हणलं की आधी ज्वारी आठवते, कारण ‘परभणी मोती’ हे इथल्याच वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानं काढलेलं रब्बी ज्वारीचं वाण आहे. ही ज्वारी पुढं लेखात कामाला येणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवली.

विषय आहे लहान पोरांच्या हस्ताक्षराचा.

मोबाईल उघडून चार रील खाली गेलं की एक जाहिरात हमखास दिसते. थोड्या दिवसांत सुंदर अक्षर. मग त्यात खाचा पाडलेली जादूची वही, शाई आपोआप उडून जाणारं पेन, ठिपक्यांच्या अक्षरांची पीडीएफ, बोटानं काचेवर गिरवायचं ॲप आणि महिन्याची फी असलेला ऑनलाइन क्लास. खाली कमेंटमध्ये आईबापांची रांग, ‘प्राईस प्लीज’.

होमस्कूलिंग करणाऱ्या घरांना तर यातलं काहीतरी घ्यावंच लागतं, कारण तिथं वर्गावरच्या बाई नसतात. पण हा प्रश्न फक्त त्यांचा नाही. होमस्कूलिंग हा शब्द परभणीत अजून फार रुळलेला नाही हे खरं, पण पहिलीत जायचं वय सहा वर्षं. तोवर जिंतूर असो, सेलू असो की पालम, पोरगं पेन्सिल पहिल्यांदा धरतं ते बहुतेक वेळा घरातच. कोरोनात शाळांना कुलूप लागलं तेव्हा तर सगळा जिल्हाच होमस्कूलर झाला होता. आणि गंगाखेड-सोनपेठ पट्ट्यातून दिवाळीच्या आसपास जी कुटुंबं ऊसतोडीला निघतात, त्यातली जी पोरं हंगामी वसतिगृहात न राहता फडावर जातात, त्यांना कोणी होमस्कूलर म्हणत नाही एवढंच. तिथं पाटी मिळाली तर तीच शाळा.

पण टायपिंगच्या जमान्यात अक्षराची एवढी चिंता कशाला?

कारण साधं आहे. घरी शिकणाऱ्या मुलाला पुढं कागद हवाच असतो. शिक्षण हक्क कायद्यात होमस्कूलिंगला उघड बंदी नाही आणि उघड मान्यताही नाही. त्यामुळं बहुतेक पालक मुक्त विद्यालयाचा रस्ता धरतात. केंद्राची एनआयओएस आहे आणि आपल्या राज्याचं महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळ आहे, तिथं पाचवी, आठवी, दहावीच्या पातळीच्या परीक्षा देता येतात. नाहीतर सतरा नंबरचा फॉर्म भरून थेट दहावी. रस्ता कुठलाही धरा, पेपर हातानंच लिहायचा असतो. ज्या मुलाला प्रत्येक अक्षर आठवून आठवून काढावं लागतं, त्याचं डोकं अक्षर काढण्यातच खर्च होतं, उत्तराला उरतच नाही.

म्हणजे सुंदर अक्षर हा बोनस झाला. खरी गरज आहे ती न थकता, न अडखळता लिहिणाऱ्या हाताची. कोर्स निवडताना हा फरक डोक्यात असला की निम्म्या जाहिराती आपोआप गळून पडतात.

आधी एक गोष्ट कळून घेऊ, हे कोर्स नवीन नाहीत

‘कित्ता गिरवणं’ हा वाक्प्रचार आपण नेत्यांसाठी आणि खेळाडूंसाठी वापरतो. पण कित्ता म्हणजे मुळात नमुन्याच्या अक्षरांची वही. वर सुबक अक्षर, खाली पोरानं तसंच काढायचं. आजच्या हॅंडरायटिंग प्रोग्रामचा हा आजोबा.

कित्त्याच्याही आधी धूळपाटी. लाकडी पाटीवर बारीक धूळ पसरायची आणि बोटानं किंवा काडीनं अक्षर काढायचं. चुकलं तर हात फिरवला की पाटी कोरी. धुळाक्षरं हा शब्द तिथूनच आला.

आणि अक्षर कसं असावं याचं मराठीतलं सगळ्यात गाजलेलं मार्गदर्शन मराठवाड्याच्याच माणसाचं आहे. समर्थ रामदासांचं जन्मगाव जांब, परभणीला लागून असलेल्या जालना जिल्ह्यात. त्यांच्या दासबोधातल्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास आहे ‘लेखनक्रियानिरूपण’. त्यात भक्ती-वैराग्य नाही, तर अक्षर गोल आणि मोकळं काढा, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत सारखं ठेवा, ओळींमधलं अंतर सांभाळा, कागदाच्या चारी बाजूला जागा सोडा म्हणजे कडा झडल्या तरी अक्षर जाणार नाही, असा पक्का व्यवहार आहे. तरुणपणी फार बारीक लिहिलंत तर म्हातारपणी ते उपयोगाचं राहणार नाही, हेही सांगितलंय. चष्म्याच्या नंबरचा विचार करणारा हा बहुतेक आपला पहिला हॅंडरायटिंग कोच.

गंमत बघा. अमेरिकेत ‘हॅंडरायटिंग विदाउट टियर्स’ नावाचा एक प्रोग्राम आहे. न रडता अक्षर, असं म्हणा. जगभरातल्या होमस्कूलर्समध्ये तो भलताच लोकप्रिय आहे. त्यातलं एक मुख्य तंत्र असं: छोट्या पाटीवर मोठ्यांनी अक्षर काढायचं, मुलानं ओल्या स्पंजच्या तुकड्यानं ते गिरवत पुसायचं, मग कोरड्या कागदानं, आणि मग खडूच्या बारक्या तुकड्यानं स्वतः काढायचं.

म्हणजे पाटी, पेन्सिल आणि ओलं फडकं. परभणीच्या बाजारात कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळतं.

खडू मुद्दाम बारका का? तर तुकडा एवढासा असला की मूठ आवळून धरताच येत नाही, तीन बोटांच्या चिमटीतच धरावा लागतो. पेन्सिलची पकड आपोआप बसते. आपल्याकडं पाटीवरची पेन्सिल तुटली की पोरगं रडतं आणि आपण नवी देतो. तुटकी देणंच बरोबर असतं.

आता मुद्द्याचं, ‘ल’ आणि ‘श’

बाजारातल्या देवनागरीच्या वह्या आणि इंटरनेटवरच्या वर्कशीट यातलं बरंचसं सामान हिंदीसाठी बनलेलं असतं. वरचं कव्हर बदलून ते मराठी म्हणून विकलं जातं. लिपी एकच आहे, मग काय बिघडलं?

बिघडतं. महाराष्ट्र सरकारनं ६ नोव्हेंबर २००९ ला देवनागरी लिपी आणि मराठी वर्णमालेच्या प्रमाणीकरणाचा शासन निर्णय काढला. १० नोव्हेंबर २०२२ ला तो सुधारून पुन्हा काढला. त्यानुसार मराठीतला ल पाकळीयुक्त, म्हणजे दोन पाकळ्या जोडल्यासारखा. उजवीकडं उभा दांडा असलेला ल नाही. आणि श देठयुक्त, शेंडीफोड्या नाही. तुम्ही हा लेख मोबाईलवर वाचत असाल तर तुमच्या स्क्रीनवरचा ल आणि श नीट बघा. बऱ्याच फोनमध्ये हिंदी वळणाचाच दिसतो, कारण फॉन्ट तसा आहे. ठिपक्यांची वर्कशीट बनवणारा माणूस हाच फॉन्ट उचलतो, ठिपके करतो आणि अपलोड करतो. छापायचा फॉन्ट म्हणजे हातानं लिहायचं वळण नव्हे, हे त्याच्या गावीही नसतं.

पोरगं हिंदी वळणाचा ल शिकलं म्हणून आभाळ कोसळत नाही. पण ही झटपट चाचणी आहे. ल आणि श चुकलेला असेल तर पुढची पानं उलटा आणि ळ आहे का बघा. ॲ आणि ऑ आहेत का बघा, कारण बॅट आणि ऑफिसवाल्या मराठीत ते लागतातच आणि वर्णमालेत त्यांना जागा दिलेली आहे. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यातला रफार वेगळा कसा लिहायचा, ते दाखवलंय का? कऱ्हाड लिहिता येईल का? नसेल तर तो कोर्स मराठी मुलासाठी केलेलाच नाही. तुम्ही कव्हरचे पैसे देताय.

अक्षरांचा क्रम बघा

एखाद्याला एखाद्या विषयातलं काही कळत नसेल तर आपण काय म्हणतो? त्याला ‘गमभन’ पण येत नाही. आता ग म भ न हा क्रम वर्णमालेत कुठंच नाही. तिथं क ख ग घ आहे. मग हा आला कुठून? ही चार अक्षरं लिहून बघा. डावीकडं छोटी गाठ किंवा वळण, उजवीकडं काना. एकाच कुटुंबातली आहेत. एक जमलं की दुसरं जवळजवळ फुकट मिळतं.

चांगला कोर्स असाच कुटुंबं पाडतो. व आला की पोटात रेघ मारून ब, शेपूट काढून क. प आला की ष आणि फ. ट आला की ठ, ढ, द. र वरून स आणि ख. पहिल्याच दिवशी ‘अ’ काढायला लावणारी वही मात्र लांब ठेवा. अ हे मराठीतलं पहिलं अक्षर असेल, सोपं अक्षर अजिबात नाही. हातानं काढून बघा, किती वळसे आहेत ते कळेल.

बालभारतीच्या जुन्या पहिलीच्या पुस्तकातले कमल आणि छगन आठवतात? त्यांची नावं उगाच तशी नव्हती. काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही. शिकलेल्या मोजक्या अक्षरांत लगेच अर्थाचं वाक्य तयार व्हावं, म्हणून ती मंडळी तिथं आली. कोर्समध्ये चारपाच अक्षरं झाल्यावर मुलाला खरा शब्द लिहायला मिळतोय का, की तीन महिने नुसती अक्षरांची पानंच भरायची आहेत, हे विकणाऱ्याला विचारा. आणि विकत घेण्याआधी सलग दहा पानांचा नमुना मागा. पहिल्या पानावरचं हसणारं फुलपाखरू बघून ठरवू नका.

ठिपके गिरवून अक्षर येतं का?

थोडं येतं. पण तिथंच थांबलं तर नाही.

२०१२ साली अमेरिकेतल्या कॅरिन जेम्स आणि लॉरा एंगलहार्ट या संशोधकांनी अजून वाचता न येणाऱ्या, साधारण पाच वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग केला. काही अक्षरं मुलांनी कोऱ्या कागदावर स्वतः काढली, काही ठिपक्यांवर गिरवली, काही कीबोर्डवर दाबली. मग तीच अक्षरं दाखवून मेंदूचा स्कॅन घेतला. वाचताना मेंदूचे जे भाग कामाला लागतात ते जागे झालेले दिसले ते स्वतः काढलेल्या अक्षरांच्या वेळी. गिरवलेल्या आणि टाइप केलेल्या अक्षरांना ती मजा नव्हती. प्रयोग छोटा होता आणि इंग्रजी अक्षरांवर होता, त्यामुळं त्याला ब्रह्मवाक्य मानायचं कारण नाही. पण सांगणं पटण्यासारखं आहे. गिरवताना पोरगं अक्षराकडं बघतच नसतं, ते पुढच्या ठिपक्याकडं बघतं. कोऱ्या जागेवर काढायचं तर आधी मनात अक्षर उभं करावं लागतं. ते वाकडं येतं, दर वेळी वेगळं येतं, आणि तरीही ‘म’च असतं हे मेंदूला कळतं.

म्हणून खाचांच्या वहीवर माझा फार भरवसा नाही. पेन खाचेत पडलं की गाडी रुळावर चालल्यासारखी चालते. रूळ काढले की गाडी शेतात. ॲपचं त्याहून अवघड, काचेवर बोट घसरतं, पेन्सिल धरायचा सरावच होत नाही. अक्षर कुठून सुरू करायचं हे बाण दाखवून शिकवायला ॲप ठीक आहे, पाच मिनिटं. वहीच्या एका ओळीत सुरुवातीला बाणवाली एकदोन अक्षरं, मग एखादं ठिपक्यांचं आणि उरलेली ओळ रिकामी, अशी मांडणी असेल तर ती वही कामाची.

रिकामी ओळ कशी आहे तेही बघा. इंग्रजी अक्षर खालच्या रेघेवर बसतं. मराठी अक्षर वरच्या रेघेला लटकतं, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखं. इंग्रजीच्या चाररेघी वहीत मराठी लिहायला लावलं की पोराला कळतच नाही की टेकायचं कुठं. आणि शिरोरेषा? आधी शब्द लिहून मग वरून एक रेघ मारायची, की प्रत्येक अक्षराला वेगळी, यावर घराघरात दोन मतं असतात. कोर्सनं एक ठरवून शेवटपर्यंत तेच पाळलं पाहिजे. माझं मत, शब्द संपल्यावर एकच रेघ. हात कमी वेळा उचलावा लागतो आणि शब्द कुठं संपला हेही मुलाला दिसतं.

वय किती? इथं सगळ्यात जास्त घाई होते

साधारण तिसऱ्या वर्षाच्या आसपास मूल उभी रेघ, आडवी रेघ आणि गोल काढायला लागतं. अधिकचं चिन्ह चारच्या आसपास. चौकोन त्यानंतर, आणि तिरप्या रेघांचा त्रिकोण पाचच्या पुढंमागं. मूल मुलासारखं असतं, कोणी सहा महिने आधी, कोणी नंतर. पण ज्या हाताला अजून तिरपी रेघ जमत नाही त्याला र, स, झ काढायला लावणं म्हणजे सायकल येत नसताना बुलेटवर बसवणं. अक्षर येत नाही, मार बसतो, आणि पाच वर्षांच्या आत पोराला वहीचा तिटकारा येतो. एकदा तो बसला की पुढं कुठलाही कोर्स तो सहजासहजी काढू शकत नाही. म्हणून ‘अडीच वर्षांपासून लेखन’ असं ज्या पाकिटावर लिहिलेलं असेल ते पाकीट तिथंच ठेवा. केंद्राच्या २०२२ च्या पायाभूत स्तराच्या अभ्यासक्रम आराखड्यातही तीन ते आठ वयासाठी खेळातून शिकण्यावरच जोर आहे.

मग तीन-चार वर्षांच्या पोरानं करायचं काय? आता ती ज्वारी.

ताटात ज्वारीचं पीठ पसरा आणि बोटानं रेघा, गोल, मग अक्षरं काढू द्या. ही आपली धूळपाटी, शेवटी भाकरीही होते. मारिया मॉंटेसरी यांनी १९०७ मध्ये रोममध्ये पहिलं बालगृह उघडलं, तिथं त्यांनी खरखरीत कागदाची अक्षरं मुलांना बोटानं चाचपायला दिली. पेन्सिल नंतर, आधी बोट. महाराष्ट्रात हीच पद्धत ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गरिबाच्या अंगणात आणली. १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढं कोसबाडला त्यांच्या बालवाड्या चालल्या त्या महागड्या साहित्यावर नाही, तर बिया, खडे, शिंपले, पानं असल्या आजूबाजूच्या वस्तूंवर.

आपल्या भागात तर सामानाची कमी नाही. तुरीच्या शेंगा सोलणं, डाळीतले खडे वेचणं, कापसाच्या वाती वळणं, पिठाच्या गोळ्याचे साप-चिमण्या करणं. या सगळ्यात अंगठा आणि दोन बोटं कामाला लागतात, पुढं पेन्सिलला लागणारी तीच. ठिपक्यांची रांगोळी म्हणजे तर उघडउघड लेखनपूर्व तयारीचा कोर्स आहे, फक्त त्याला कोणी सर्टिफिकेट देत नाही. ती मुलग्यांनाही काढू द्या.

पाच-सहाच्या पुढं रोज दहा-पंधरा मिनिटं बास. रोजचं एक पान आणि रविवारी सात पानं यात पहिलंच चांगलं. अक्षर काढताना शेजारी बसा, कारण पान झाल्यावर अक्षर बघून काही कळत नाही. ‘ग’ दिसायला झकास असतो, पण काना खालून वर ओढलेला असतो. हीच सवय पुढं वेग खाते.

दोन गोष्टी जाहिरातीत नसतात

पहिली, डावखुरी मुलं. सचिन तेंडुलकर बॅटिंग उजव्या हातानं करायचा पण लिहितो डाव्या हातानं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. डाव्या हाताखाली नमुन्याचं अक्षर झाकलं जातं, कारण वहीत नमुना डाव्या बाजूला छापलेला असतो. नमुना ओळीच्या वर किंवा दोन्ही टोकांना आहे अशी वही बघा, कागद थोडा उजवीकडं कलता ठेवा, आणि हात बदलायला लावू नका. आजी काहीही म्हणू देत.

दुसरी, इंग्रजी. दोन्ही लिप्या एकाच महिन्यात सुरू करणारे कोर्स आहेत. एक लटकतं, एक बसतं. घरात मराठी बोललं जात असेल तर आधी मराठीचा हात बसू द्या. आणि इंग्रजीत कर्सिव्हची घाई नको, सुटी अक्षरं आधी. कर्सिव्हवर जगाचंच एकमत नाही. फिनलंडनं २०१६ मध्ये शाळेत ते शिकवण्याची सक्ती काढली आणि कॅलिफोर्नियानं २०२३ मध्ये कायदा करून ते परत आणलं.

सात-आठ वर्षांचं पोरगं तोंडी सगळं फटाफट सांगतं, पण लिहायला बसवलं की हात दुखतो म्हणतं, अक्षरं उलटी पडतात, शब्दांत अंतरच राहत नाही, आणि रोज सराव करूनही महिनोन्महिने तेच, असं असेल तर आणखी एक कोर्स घेऊ नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि लेखन-अक्षमतेची तपासणी कुठं होते ते विचारा. जिल्हा रुग्णालयापासून सुरुवात करता येते. प्रमाणपत्र मिळालं तर दहावी-बारावीच्या परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक अशा सवलती आहेत. या मुलांना वर्षानुवर्षं आळशी म्हणून रागावलं जातं.